टेलला पोचलेलं पाणी

डबकेरावांच्या शेतात पायात चप्पल घालून जायची कोणाची हिंमत नव्हती. गेलंच कोणी, तर येताना एक चप्पल तरी तिथेच ठेवून यावं लागे. मक्याच्या दोन ओळींमधून चालताना पाय असा रुतायचा की बाहेर काढताना पच्चकन आवाज व्हायचा, आणि बांधावर उभे असलेले डबकेराव तो आवाज ऐकून समाधानाने म्हणायचे, "ऐकलंत? याला म्हणतात भिजवणं."

डबकेराव हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. शेजाऱ्यांनी ते चिडवायला ठेवलं होतं, पण यांनी ते असं काही मिरवलं की चिडवणाऱ्यांचीच पंचाईत झाली. शेतीबद्दल त्यांचं एकच मत होतं: रान चकाकलं पाहिजे. सकाळी बांधावर उभं राहिलं की सऱ्यांमध्ये आभाळ दिसलं पाहिजे. नुसती ओली माती म्हणजे त्यांच्या लेखी अर्धवट काम. पाहुण्याला अर्धा कप चहा देण्यासारखं.

आणि हे त्यांना परवडत होतं, कारण त्यांचं शेत चारीच्या तोंडाशी होतं. तलावातून निघालेली ही चारी पाच शेतांना पाणी द्यायची. पहिले डबकेराव. त्यांच्या खाली त्यांच्या चुलतभावाची बायको, जिला सगळी चारी 'थोरली वहिनी' म्हणायची. नवरा वारल्यावर तिने एकटीने शेत सांभाळलं होतं आणि जीभही चांगली धारदार ठेवली होती. मग शाळेतून निवृत्त होऊन कलिंगडं लावणारे मास्तर. मग घरं बांधता बांधता शेतीकडे वळलेला मिस्त्री. आणि अगदी शेवटी, चारी जिथे निवडुंगाच्या कुंपणाशी संपते तिथे, टेलचं शेत.

तलावाचा चौकीदार ठरल्या दिवशी दार उघडायचा आणि ठरल्या दिवशी बंद करायचा. मधल्या दिवसांत पाणी कसं वाटायचं, यात तो लक्ष घालत नसे. चारीची आपली एक जुनी रीत होती. वरच्याचं रान भिजलं की तो बांधावर उभा राहून मोठ्याने ओरडायचा, "भरलं!" की खालच्याने आपलं दार उघडायचं. कोणी किती वेळ घ्यावा याला बंधन नव्हतं, आणि दुसऱ्याला "झालं का?" विचारणं म्हणजे तर भलताच उद्धटपणा. मास्तरांनी एकदा हा उद्धटपणा केला होता. डबकेराव बांधावर पाय सोडून बसल्या बसल्या म्हणाले होते, "मास्तर, शाळेत तुम्ही पोरांना रांगेत उभं करायचा ना? मग राहा की उभे."

अशा माणसाला पाणी वाचवायला सांगायचं म्हणजे भिंतीवर डोकं आपटण्यातला प्रकार. पण पाणी खात्याच्या नव्या मॅडमना ते ठाऊक नव्हतं. त्यांनी शाळेच्या हॉलमध्ये बैठक घेतली, पडद्यावर चित्रं दाखवली, आणि शेवटी फार प्रामाणिकपणे विचारलं, "मला एवढंच सांगा, पाणी कमी वापरावं असं तुम्हाला कशामुळे वाटेल?"

"दंड लावा," मिस्त्री म्हणाला, "म्हणजे पहिला दंड कोणाला बसतो ते बघायला मी सकाळपासून येऊन बसेन."

"मालाला भाव द्या," मास्तर म्हणाले.

"आधी भावजींना वापरू द्या कमी," थोरली वहिनी म्हणाली, "मग आम्हाला विचारा."

सगळ्यांनी डबकेरावांकडे पाहिलं. डबकेराव खुर्चीत रेलून म्हणाले, "मॅडम, पाणी कमी असतं तर कमी वापरलं असतं. आहे ते वापरायचं नाही तर काय त्याच्याकडे बघत बसायचं?"

हशा पिकला. मॅडमही हसल्या, पण जरा कसनुशा.

तर असे हे डबकेराव. बाकी माणूस वाईट नव्हता. लेकीवर तर जीव ओवाळून टाकायचा. गेल्या वर्षी तिचं लग्न ठरवताना त्यांनी मुलाची चौकशी केली, घर पाहिलं, मुलाची आई बोलायला कशी आहे ते दोनदा चहा पिऊन तपासलं. शेत किती तेही विचारलं. फक्त ते शेत चारीच्या कुठल्या टोकाला आहे याचा विचार त्यांच्या मनाला शिवला नाही. तोंडाशी राहणाऱ्याला टेल म्हणजे परमुलूख. एकाच चारीवर आपली लेक आपल्यापासून चार शेतं खाली चाललीय, याचं त्यांना उलट बरंच वाटलं. जवळ राहील पोरगी.

त्या दिवशी ते लेकीकडे गेले ते सहज. टोमॅटो लावलेत असं ती फोनवर सांगत होती, म्हटलं बघून यावं. फटफटी कुंपणाशी लावली आणि आत पाहिलं तर ओळीच्या ओळी माना टाकून उभ्या होत्या. पानं कडेने मुडपलेली, फुलं गळून खाली पडलेली. मातीला अशा भेगा गेल्या होत्या की त्यात चिल्लर पडली तर हाताला लागली नसती. लेक डोक्याला पंचा गुंडाळून एकेका झाडाच्या बुडाशी तांब्याने पाणी घालत होती. बादली विहीणबाईंच्या हातात.

"या व्याही," विहीणबाई म्हणाल्या. "बसा सावलीत. पाणी आणते." आणि त्यांनी खरोखरच त्याच बादलीतलं पाणी तांब्याभर आणून दिलं. डबकेरावांना ते घशाखाली उतरेना.

"हे असं का झालंय?" त्यांनी विचारलं.

"टेलला आहोत ना, बाबा," लेक म्हणाली. तक्रार म्हणून नाही. आज ऊन फार आहे म्हणावं तशी.

विहीणबाईंनी मग खरं ते सांगितलं. या शेतात त्यांनी जन्मभर पावसावर येईल ते धान्य पेरलं. सून आली आणि म्हणाली, एक हंगाम मला द्या. दिला. पण शेजारचा वीटभट्टीवाला केव्हापासून ही जमीन मागत होता, मातीसाठी. मुलगा ट्रॅक्टर चालवायला बाहेर असतो, त्याचं म्हणणं, कशाला जीव काढायचा? विकू, शहरात खोली घेऊ. "मी म्हटलं, टोमॅटो आले तर नाही म्हणू त्याला. नाही आले तर हो म्हणू. येतीलसं काही दिसत नाही." त्या हसल्या. "तुमच्या पोरीचा हात मात्र चांगला आहे हो. नशिबाला टेल आला, त्याला ती तरी काय करणार?"

डबकेरावांनी तांब्या खाली ठेवला. "पण मग तुमच्याकडे पाणी येतं तरी कधी?"

लेकीने वर न बघता पुढच्या झाडाला पाणी घातलं आणि म्हणाली, "तुमचं झालं की."

डबकेराव घरी आले. बायकोने जेवायला वाढलं, तर भाजी टोमॅटोची होती. ते ताटावरून उठले.

पाण्याची पुढची पाळी आली. चौकीदाराने दार उघडलं, पाणी खळखळत चारीत उतरलं, डबकेरावांच्या शेतात शिरलं. एरवी ते दोन दिवस तिथेच मुक्काम करायचं. या वेळी पहिल्याच दुपारी डबकेराव बांधावर चढले. शेताकडे पाहिलं. कुठेही चकाकत नव्हतं. नुसती काळी, ओली माती. बघवत नव्हतं हो. पण त्यांनी डोळे मिटले आणि ओरडले, "भरलं!"

थोरली वहिनी म्हशीला वैरण टाकत होती. तिने वळून पाहिलंसुद्धा नाही. तिला वाटलं भास झाला. डबकेरावांना दुसऱ्यांदा ओरडावं लागलं. तशी ती बांधावर आली आणि म्हणाली, "भावजी, बरं आहे ना? कोणाला बोलवू का?" घरात बायकोने कपाळाला हात लावून ताप पाहिला.

डबकेराव मात्र खुशीत होते. मनातल्या मनात त्यांनी पाण्याचा प्रवास आखला होता: आपण लवकर सोडलं, म्हणजे वहिनीचं लवकर होणार, मास्तरांचं लवकर, मिस्त्रीचं लवकर, आणि उरलेलं सगळं लेकीला. साधा हिशेब. शेवटच्या दिवशी ते नवा शर्ट घालून फटफटीवरून टेलला गेले, पाणी बघायला.

चारीत बेडूक बसला होता. कोरड्या चारीत.

आता खरं सांगायचं तर ही चूक तोंडाशी राहणाराच करू जाणे. ज्याने जन्मात कधी कोणाच्या मागे उभं राहून पाणी घेतलं नाही, त्याला काय माहीत की सोडलेलं पाणी जिथे पाठवलं तिथे जात नाही, मध्ये जो भेटेल त्याच्याकडे जातं! परत येताना त्यांनी एकेकाचं रान पाहिलं. वहिनीने म्हशीला डुंबायला खड्डा भरून ठेवला होता. मास्तरांची कलिंगडं चिखलात बसली होती. मिस्त्रीने शेत भिजवून झाल्यावर ट्रॅक्टर धुतला होता, मग ट्रॉली, मग अंगण. चारीवर पहिल्यांदाच तिघांकडेही आभाळ दिसत होतं.

डबकेरावांच्या अंगाचा तिळपापड झाला. त्यांनी तिघांना वडाखाली गाठलं आणि पाण्याचं महत्त्व समजावून सांगितलं. मॅडमच्या पडद्यावरची चित्रं आठवतील तशी सांगितली. थेंब, जमिनीचा पोत, पुढची पिढी, सगळं.

तिघं शांतपणे ऐकत होते. मग मिस्त्री म्हणाला, "डबकेराव, हे तुम्ही म्हणताय?" आणि तिघं असे हसले की वडावरचे पक्षी उडाले.

लेकीचं नाव काढलं असतं तर? तेही त्यांच्या जिभेवर आलं होतं. पण मास्तर समोर उभे होते, ज्यांना त्यांनी रांगेत उभं राहायला सांगितलं होतं. वहिनी होती, जिचा एका वर्षी कांदा करपला तेव्हा हे बांधावर पाय सोडून बसले होते. आता यांच्यापुढे हात पसरायचा, आणि तोही आपल्या पोरीसाठी? कोणत्या तोंडाने? मान खाली घालून घरी आले आणि बायकोला म्हणाले, "मी फार नालायक माणूस आहे का गं?"

"फार नाही," बायको म्हणाली. तिलाही लेकीची काळजी होतीच, पण नवऱ्याला हा प्रश्न पडलेला पाहून तिला आतून बरं वाटत होतं.

इकडे एक वेगळीच चिंता उभी राहिली होती. कमी पाण्यावर मका टिकेल का? टिकला नाही तर पुढच्या पाळीला पुन्हा रान तुंबवावं लागणार, मग लेकीचं काय? डबकेराव मान खाली घालून पाणी खात्याच्या ऑफिसात गेले. मॅडमनी त्यांना ओळखलं, पण त्या दिवसाची आठवण काही काढली नाही. कागदावर चित्र काढून दाखवलं: सगळ्या सऱ्या भरायच्या नाहीत, एक सोडून एक भरायची, पुढच्या पाळीला उरलेल्या. आणि हातात एक लोखंडी सळई दिली. "ही जमिनीत दाबून बघायची. ओल आहे तिथपर्यंत सहज जाते, कोरडं लागलं की अडते. मुळांपर्यंत गेली की पुरे. वर चकाकतंय का ते बघायचं नाही."

"चकाकण्याचं तुम्हाला कोणी सांगितलं?" डबकेराव दचकले.

"तुमचं शेत ऑफिसच्या खिडकीतून दिसतं," मॅडम म्हणाल्या.

दुसऱ्या दिवसापासून डबकेराव सळई घेऊन शेतात फिरायला लागले. चार पावलं चालायचं, वाकायचं, सळई दाबायची, वर काढायची, टोकाला लागलेली माती बोटांत चोळायची, वास घ्यायचा आणि मान हलवायची. आणि गंमत म्हणजे, मका खरंच हिरवागार होता. तण कमी, मुळं खोल. ते स्वतःच चाट पडले होते आणि ते चाट पडणं त्यांच्या चेहऱ्यावर लख्ख दिसायचं.

आता, ज्या माणसाने जन्मभर फुकटचं पाणी सोडलं नाही, तो ते आपणहून सोडतो, हातात सळई घेऊन माती हुंगतो, आणि गालातल्या गालात हसतो. याचा अर्थ शेजाऱ्यांनी काय घ्यावा?

पहिले आले मास्तर. "काय चाललंय?"

"काही नाही," डबकेराव म्हणाले. खरंच काही नव्हतं.

"सळई कशाला?"

"असंच." लेकीचा विषय निघू नये म्हणून त्यांनी सळई पाठीमागे घेतली.

बस्स. मास्तरांना रात्रभर झोप नाही. सकाळी ते मिस्त्रीकडे गेले. "त्याला काहीतरी कळलंय. कमी पाण्याने काहीतरी होतं. नाहीतर हा माणूस पाणी सोडेल?" मिस्त्रीने तर्क लढवला: "खताचा खर्च वाचत असेल. पाण्याबरोबर खत खाली वाहून जातं, हे मी पाया खणताना पाहिलंय." वहिनी थेट डबकेरावांच्या स्वयंपाकघरात शिरली आणि त्यांच्या बायकोच्या हातातलं लाटणं काढून घेऊन म्हणाली, "सांग. काय मिळवलंय भावजींनी?"

बायको हुशार. नवऱ्याचं भाषण वडाखाली कसं आपटलं ते तिला माहीत होतं. ती दाराबाहेर डोकावली, आवाज खाली आणला आणि म्हणाली, "मला काही विचारू नका, वहिनी. ते म्हणालेत, कोणाला बोलायचं नाही."

रात्री तिने नवऱ्याला हे सांगितलं तेव्हा डबकेराव उठून बसले. "मी कुठे असं म्हणालो?"

"आता म्हणा," बायको म्हणाली. "उद्यापासून कोणी विचारलं की गप्प बसायचं. भाषण द्यायला तुम्हाला जमत नाही, गप्प बसायला तरी जमेल."

तेही सोपं नव्हतं, पण जमलं. जितके डबकेराव गप्प, तितकी चारी बेचैन. मिस्त्रीने दोन सळया तयार केल्या, एक स्वतःला, एक मास्तरांना, दोन्हींना लाकडी मूठ. वहिनीने घरातली जुनी लोखंडी पहार काढली आणि तीच जमिनीत खुपसायला लागली. संध्याकाळी तिघं आपापल्या शेतात वाकलेले दिसायचे, काहीतरी हरवल्यासारखे. डबकेरावांनी पुढच्या पाळीसाठी कुठल्या सरीचं तोंड उघडं ठेवलं आणि कुठलं मातीने बुजवलं, हे मास्तर कुंपणावरून मान उंच करून पाहून गेले.

पुढच्या पाळीला चमत्कारच झाला. डबकेरावांनी दुपारी "भरलं!" म्हटलं. वहिनीने एक सोडून एक सरी भरली आणि दिवस मावळायच्या आत ओरडली, "भरलं!" मास्तर तिच्याहून लवकर. मिस्त्रीने तर ट्रॅक्टरकडे पाहिलंही नाही. आपण मागे पडू आणि बाकीचे तिघं मिळून शहाणे होतील, ही भीती एकेकाला अशी काही लागली होती की पाणी चारीतून जवळजवळ हाकलल्यासारखं खाली गेलं.

डबकेरावांनी नवा शर्ट घातला नाही. मागच्या वेळची आठवण होती. पण टेलच्या वळणावर त्यांची फटफटी घसरली आणि दोन्ही पाय रस्त्यावरच्या चिखलात घोट्यापर्यंत रुतले. रस्त्यावर पाणी! कुंपणाखालून वाहत येत होतं. त्यांनी आत पाहिलं. लेकीने दार पूर्ण वर केलं होतं. सगळ्या सऱ्या काठोकाठ. टोमॅटोची झाडं पाण्यात उभी. विहीणबाई हंडे, बादल्या, पातेली, मिळेल ते भरून ओळीने लावत होत्या. पिंप भरलं होतं. एक जुना टबही.

"अगं बंद कर!" डबकेराव तिथूनच ओरडले. "झाडं सडतील! किती सोडशील? मुळांपर्यंत गेलं की पुरे असतं, वर चकाकतंय का ते..." आणि आपण काय बोलतोय ते कानांवर पडून ते मध्येच थांबले.

"सडतील ते मला कळतंय, बाबा," लेक म्हणाली. ती गुडघाभर पाण्यात उभी होती आणि तिचा आवाज चढला होता. "मला काय कळत नाही? पण आज आलंय. परत येईल याचा भरवसा काय? मी दार बंद केलं आणि पुढच्या पाळीला नाही आलं, तर? तेव्हा तुम्ही बांधावर येऊन सांगणार आहात का, की तेव्हा थोडं जास्त घ्यायला हवं होतं?"

डबकेराव तसेच चिखलात उभे राहिले. जन्मभर आपण पाणी उधळलं ते आहे म्हणून, आणि ही उधळतेय ती नाही म्हणून. हे त्यांना अगदी त्याच क्षणी कळलं, आणि फार लागलं.

"येईल," ते म्हणाले. "मी सांगतो, येईल."

"तुमच्या एकट्याच्या सांगण्याने?"

तेवढ्यात मागून ट्रॅक्टरची धडधड ऐकू आली. मिस्त्री चालवत होता, दोन्ही बाजूंच्या पत्र्यांवर मास्तर आणि थोरली वहिनी. पाणी सोडून झालं की डबकेराव फटफटीवरून गुपचूप कुठे जातात, याचा छडा लावायला तिघं निघाले होते. मास्तरांच्या मांडीवर सळई आडवी होती.

तिघं उतरले. त्यांनी पाणी पाहिलं, टोमॅटो पाहिले, चिखलात उभे डबकेराव पाहिले, आणि मग डोक्याला पंचा गुंडाळलेली, रडवेली झालेली त्यांची लेक पाहिली. या तिघांच्या अंगणात ती वाढली होती. मास्तरांनी तिला पाढे शिकवले होते.

"म्हणजे हे होतं होय गुपित," वहिनी म्हणाली.

"गुपित नव्हतंच," डबकेराव म्हणाले. "ते तुम्हीच ठरवलंत. मला पोरीला पाणी द्यायचं होतं, बस्स. मागायला तोंड नव्हतं. काय बोलायचं ते बोला."

"आम्हाला उल्लू बनवलंत," मिस्त्री म्हणाला.

"बनवलं."

"आणि निम्म्या पाण्यात कांदा मात्र चांगला भिजला," मिस्त्री रागातच पुढे म्हणाला. "खतही वाहून गेलं नाही. तो भाग वेगळा."

मास्तर घसा खाकरून म्हणाले, "सरळ सांगायचं होतंस, डबके."

"सांगितलं असतं तर सोडलं असतं पाणी?"

मास्तरांनी प्रामाणिकपणे विचार केला. "नाही," ते म्हणाले. "त्या रांगेचा राग होता मला."

विहीणबाईंना या सगळ्याची गंमत वाटत होती की वाईट, ते कळत नव्हतं. त्या भरलेला हंडा कडेवर घेऊन बघत उभ्या होत्या. लेक मात्र चारीच्या दाराशी गेली, पत्र्याच्या मुठीवर हात ठेवला आणि तिघांकडे वळली.

"काका, काकू," ती म्हणाली, "पुढच्या पाळीला येईल का पाणी? नसेल येणार तर तसं सांगा, मी राग धरणार नाही. पण सांगा. म्हणजे मला कळेल आज किती घ्यायचं."

शाळेच्या हॉलमध्ये पडद्याकडे बघत नाही म्हणणं सोपं असतं. इथे पोर समोर उभी होती आणि तिच्या मागे झाडं पाण्यात बुडालेली. मिस्त्री आपल्या पायांकडे बघू लागला. पहिल्यांदा वहिनीच बोलली.

"येईल. मी अडवणार नाही. आणि म्हशीला खड्डा भरणार नाही, तोही सांगून टाकते."

"येईल," मास्तर म्हणाले. "माझ्याकडून."

"मी शब्द दिला की भिंत पडत नाही," मिस्त्री म्हणाला.

लेकीने बापाकडे पाहिलं. डबकेरावांनी नुसती मान हलवली. चिखलात पाय रुतल्यामुळे जवळ जाता येत नव्हतं. तिने दोन्ही हातांनी जोर लावून दार खाली सरकवलं. पाण्याचा आवाज थांबला.

"आता हे उरलेलं?" मिस्त्रीने चारीकडे बोट दाखवलं. पाणी अजून भरून येतच होतं. "ओढ्यात जाईल वाया." त्याने फोन काढला आणि तलावाच्या चौकीदाराला लावला. "हां, मी मिस्त्री. दार बंद कर... बंद. बंद रे! नाही, उघडं ठेवायचं नाही, बंद करायचं म्हणतोय... अरे कोणी प्यायलेलं नाही इथे!" त्याने फोन मास्तरांच्या हातात दिला. मास्तरांनी वर्गात बोलावं तसं सावकाश, एकेक शब्द सुटा करून सांगितलं. मग वहिनीने फोन घेतला. तिने जे सांगितलं ते चौकीदाराला एका वाक्यात कळलं.

मग सगळे बांधावर बसले. लेकीने चहा ठेवायला म्हणून घराकडे पाय वळवला, पण सासूकडे लक्ष जाऊन ती थांबली. विहीणबाई हंडा खाली ठेवून चारीच्या काठावर उकिडव्या बसल्या होत्या. वरून दार बंद झालं असावं. चारीतलं पाणी हळूहळू उतरत होतं, ओल्या कडा दिसू लागल्या होत्या. त्यांनी घाबरून सुनेचा हात धरला.

"कमी होतंय गं," त्या म्हणाल्या. "सूनबाई, पाणी कमी होतंय."

"हो, आई. आपणच बंद करायला सांगितलंय."

विहीणबाईंनी पुन्हा पाण्याकडे पाहिलं. या काठावर बसून त्यांनी कितीतरी वेळा पाणी आटताना पाहिलं होतं, पण आपण नको म्हटलं म्हणून कधी आटलं नव्हतं. त्यांनी सुनेचा हात सोडला नाही.

"वीटभट्टीवाला उद्या येतो म्हणालाय," मग त्या म्हणाल्या. "त्याला फोन करून नाही म्हणून सांग. आणि सगळ्यांना चहा टाक. पाणी या टबातलंच घे, भरून ठेवलंय उगाच एवढं."